टीव्ही, फोन, लॅपटॉप ते स्पीकर: कोणती डिजिटल जोडणी घ्यावी आणि आवाज नेमका कुठे बिघडतो

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ऑप्टिकल केबल मागितली की काउंटरवर हमखास दोन पाकिटं येतात. एक साधी, दीड-दोनशे रुपयांची. दुसरी जाडजूड, जाळीच्या वेष्टनाची, दोन्ही टोकांना सोनेरी मुलामा आणि किंमत चार-पाच पट. या केबलमधून वीज जातच नाही, लाल प्रकाश जातो. मुलाम्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. साधी घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरच्या स्टँडला लावा.

म्हणून सगळ्या डिजिटल जोडण्या सारख्याच, असं मात्र समजू नका. तोच टीव्ही, तोच साउंडबार. ऑप्टिकलने जोडला तर एक आवाज आणि एचडीएमआयने जोडला तर दुसराच, हे घरोघरी घडतं. त्यामागे कारणं तीन. एक, त्या जोडणीत कोणता फॉरमॅट मावतो. दोन, वाटेतलं एखादं उपकरण आवाज गुपचूप बदलून पुढे ढकलतं का. तीन, तारेबरोबर विजेची घाण ॲम्पमध्ये शिरते का. घड्याळातली थरथर, म्हणजे जिटर, हे चौथं कारण दुकानात रंगवून सांगितलं जातं. ऑप्टिकलमध्ये ती कोॲक्सपेक्षा, म्हणजे तांब्याच्या डिजिटल तारेपेक्षा, जास्त असते हे खरं, पण आजचे बरे डॅक, म्हणजे डिजिटलचा ॲनालॉग आवाज करणारे भाग, आलेला सिग्नल स्वतःच्या घड्याळावर पुन्हा बसवून घेतात. घरगुती वापरात तिची चिंता सर्वांत शेवटी करावी.

खराब तार कशी ओळखायची

"ही केबल लावल्यावर बास भरला, गळा गोड झाला" असं कुणी डिजिटल तारेबद्दल सांगत असेल, तर दुरुस्ती तारेत शोधू नका. बिट हरवले की आवाज मंद किंवा बोजड होत नाही, तो तुटतो. टिक-टिक होते, क्षणभर शांतता पडते, रिसीव्हरवरचा दिवा विझून पुन्हा लागतो. ऑप्टिकल आणि कोॲक्सवर धावणाऱ्या एसपीडीआयएफ सिग्नलमध्ये चूक ओळखायला जेमतेम एक पॅरिटी बिट असतो आणि बिघडलेला तुकडा परत मागवायची सोय नसते. त्यामुळे रिसीव्हर आधीचाच नमुना पुन्हा वाजवतो किंवा गप्प बसतो. ब्लूटूथवर तुकडा परत मागवता येतो, पण वेळ कमी असतो, म्हणून गर्दीत तो अडखळतो. वायफायवर साठा मोठा असल्याने गाणं एक तर नीट वाजतं, नाही तर थांबतं.

याउलट सतत ऐकू येणारी घूंऽऽ गुणगुण, माउस हलवला की येणारी चीं-चीं, सगळा आवाज एकाच बाजूने आल्यासारखा वाटणं, संवाद दबून पार्श्वसंगीत वर येणं, या तक्रारी तारेतल्या बिटांच्या नसतात. त्या वीज आणि सेटिंगच्या असतात.

एचडीएमआय: टीव्ही ते साउंडबार

बहुतेकांचा प्रश्न इथलाच असतो, आणि बहुतेकांचं उत्तर नवीन केबल हे नसतं.

टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून उलट दिशेने साउंडबारकडे नेण्याची सोय, एआरसी, २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली. तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी २०१७ मध्ये २.१ बरोबर आली. एआरसीमध्ये दोन चॅनेलचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज), सहा चॅनेलचा डॉल्बी डिजिटल ५.१ आणि बहुतेक टीव्हींवर डॉल्बी डिजिटल प्लस एवढं मावतं. ईएआरसीची वाट ३७ एमबीपीएसपर्यंत रुंद आहे. तिच्यात ब्ल्यू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर, शिवाय आठ चॅनेलचा न दाबलेला पीसीएम, सगळं जातं.

आता व्यवहाराची गोष्ट. ओटीटीवरचा ॲटमॉस, म्हणजे वरूनही आवाज आल्यासारखा वाटणारा डॉल्बीचा प्रकार, डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळलेला येतो. म्हणजे टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमे बघणाऱ्याला साधी एआरसी पुरते; केवळ त्यासाठी ईएआरसीचा नवा साउंडबार घेण्यात अर्थ नाही. ईएआरसी लागते ती ब्ल्यू-रे प्लेअर टीव्हीला जोडणाऱ्यांना, गेमिंग कन्सोलवाल्यांना आणि ॲपल टीव्ही ४के वापरणाऱ्यांना. ॲपलचा डबा ॲटमॉस पीसीएमच्या रूपात पाठवतो आणि तो एआरसीत मावत नाही. कन्सोलचंही तेच: लिनिअर पीसीएम ठेवलं तर एआरसीच्या दारात पोहोचेपर्यंत ५.१ चं स्टिरिओ होतं. तिथे कन्सोलच्या सेटिंगमध्ये डॉल्बी निवडावं.

जोडताना क्रम असा ठेवा:

१. टीव्हीच्या मागे ज्या खाचेवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलं आहे तीच वापरा. सहसा एकच असते. साउंडबारच्या बाजूला "एचडीएमआय आउट" किंवा "टीव्ही एआरसी".

२. टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू करा. या नावाने ते सापडत नाही: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. एआरसी याशिवाय जागी होत नाही.

३. टीव्हीच्या साउंड मेनूत आउटपुट एचडीएमआय करा. मग "डिजिटल आउटपुट फॉरमॅट" शोधा आणि ते पीसीएमवरून काढून ऑटो किंवा पास-थ्रूवर न्या. अर्ध्याअधिक तक्रारी या एका ओळीत मिटतात. पीसीएमवर ठेवलेला टीव्ही ५.१ चे सहा चॅनेल आपणच दोनात मिसळतो. मधला संवादाचा चॅनेल डाव्या-उजव्यात वाटला जातो आणि मग आई तक्रार करते की बोलणं ऐकू येत नाही.

४. ईएआरसीचा वेगळा स्विच असेल तर तो ऑटोवर.

५. फायर टीव्ही स्टिकसारखं उपकरण मध्ये असेल तर त्याच्याही ऑडिओ सेटिंगमध्ये "बेस्ट अव्हेलेबल" निवडा. साखळीत दोन ठिकाणी सेटिंग असतं आणि एक चुकलं तरी पुढचं फुकट जातं.

६. ॲटमॉस असलेला सिनेमा लावा आणि साउंडबारच्या डिस्प्लेवर काय येतं ते बघा. नेटफ्लिक्सवर ॲटमॉस वरच्या प्लॅनवरच मिळतो, हे आधी तपासा.

टीव्हीवरच्या बहुतेक मराठी मालिका आणि बातम्या स्टिरिओतच येतात. तिथे डॉल्बीचा दिवा लागला नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नये.

डीटीएस या डॉल्बीच्या स्पर्धक फॉरमॅटचं एक वेगळंच दुखणं आहे. अनेक टीव्ही डीटीएस ओळखतच नाहीत आणि पुढेही पाठवत नाहीत. पेनड्राइव्हवरचा सिनेमा चित्र दाखवतो पण मुका असतो, तेव्हा फाइल खराब नसते. प्लेअर थेट साउंडबारच्या एचडीएमआय इनमध्ये जोडा आणि चित्र तिथून टीव्हीला द्या. मग टीव्ही आवाजाच्या वाटेत येतच नाही. ही जोडणी जमत असेल तर एकंदरीतही तीच उत्तम.

लांबीचं म्हणाल, तर साधी तांब्याची एचडीएमआय पाच मीटरपर्यंत बिनघोर चालते. प्रोजेक्टरसाठी फॉल्स सीलिंगमधून पंधरा मीटर नेताना ॲक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय घेतात. तिला दिशा असते. "डिस्प्ले" लिहिलेलं टोक टीव्हीत आणि "सोर्स" लिहिलेलं टोक साउंडबार किंवा ॲम्पमध्ये. आवाज टीव्हीकडून येतो म्हणून ती उलटी लावणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. एआरसी असली तरी टीव्हीची ती खाच इनपुटच असते. शिवाय ही केबल एआरसी नेते का, हे पाकिटावर वाचून मगच सीलिंग बंद करू द्या.

ऑप्टिकल आणि कोॲक्स: एकच भाषा, दोन रस्ते

ऑप्टिकल, म्हणजे १९८३ मध्ये तोशिबाने आणलेली टॉसलिंक, आणि आरसीए पिनेची कोॲक्स या दोन्हींवर तोच एसपीडीआयएफ सिग्नल असतो. दोन चॅनेलचा पीसीएम, किंवा दाबलेला डॉल्बी डिजिटल अथवा डीटीएस ५.१. डॉल्बी डिजिटल प्लस नाही, ट्रूएचडी नाही, ॲटमॉस तर नाहीच. गाणी ऐकायला मात्र ही वाट भरपूर आहे. सीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल म्हणजे सुमारे १,४११ केबीपीएस. तो जसाच्या तसा जातो. कोॲक्सवर २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत जाता येतं. ऑप्टिकलवर ९६ ची खात्री धरावी. १९२ दोन्ही बाजूंच्या भागांवर अवलंबून.

ऑप्टिकलचा मोठा गुण म्हणजे दोन उपकरणांत विजेचा संबंध राहत नाही. तिची दुखणी सगळी यांत्रिक. नव्या केबलच्या टोकावरची पारदर्शक टोपी काढायची राहते, हे सर्वांत जास्त वेळा होतं. आतला तंतू प्लास्टिकचा, साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला अडीच सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण देऊ नका. भिंतीला चिकटून लावलेल्या टीव्हीमागे हीच पंचाईत होते. स्लिम ब्रॅकेटमागे दोन-तीन सेंटिमीटर जागा, त्यात सरळ प्लग बसवून वायर खाली दाबली की ती मोडते. अशा वेळी ब्रॅकेट पुढे ओढता येणारा घ्या किंवा काटकोनी ॲडॅप्टर लावा. ॲडॅप्टरमध्ये थोडा प्रकाश वाया जातो, म्हणून केबल दोन-तीन मीटरचीच ठेवा. लांबी पाच मीटरच्या आत असली की सहसा कटकट नसते. तपासायचं असेल तर टीव्हीकडचं टोक लावून दुसरं टोक तळहातासमोर धरा. लाल ठिपका दिसला पाहिजे. फिकट दिसत असेल तर टोक चष्म्याच्या कापडाने पुसा आणि खाचेत झुरळाची घाण किंवा धूळ आहे का बघा. सेट-टॉप बॉक्सची ऊब झुरळांना फार आवडते.

कोॲक्सला ७५ ओमची केबल लागते, आणि ती मुंबईत दारात मिळते. केबलवाला वापरतो ती आरजी-५९ किंवा आरजी-६ वायर ७५ ओमचीच असते. दोन मीटर वायर, दोन्ही टोकांना एफ कनेक्टर क्रिम्प करून, त्यावर एफ-टू-आरसीए ॲडॅप्टर, एवढ्यात झाली. आरजी-५९ घेतलेली बरी, कारण आरजी-६ ताठ असते आणि तिच्या वजनाने आरसीए सॉकेट हलतं. लाल-पांढऱ्या ऑडिओ वायरपैकी एक लावली तरी मीटरभर अंतरावर ४४.१ किंवा ४८ वर बहुधा चालते, पण १९२ वर टिक-टिक सुरू होते.

वरळी, वर्सोवा, वांद्र्याच्या समुद्राकडच्या घरांत आरसीएच्या पिना खाऱ्या हवेने हिरवट पडतात. पावसाळा संपला की आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पिन पुसा आणि सॉकेटमध्ये दोन-तीनदा फिरवून बसवा. इथे, म्हणजे उघड्या धातूच्या पिनेवर, सोनेरी मुलाम्याला खरंच काम आहे.

ऑप्टिकल-टू-आरसीए करणारी पाच-सातशे रुपयांची छोटी पेटी जुन्या ॲम्पला टीव्ही जोडायला झकास. ती लावल्यावर आवाजच आला नाही किंवा कर्कश खरखर आली तर परत करायला धावू नका. या पेट्यांना फक्त पीसीएम कळतो, आणि टीव्ही डॉल्बी पाठवत असतो. इथे वर सांगितल्याच्या उलट करायचं: टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएम करा. सेटिंग समोरच्या उपकरणाला काय कळतं त्यावर ठरतं.

गुणगुण आणि तिचा माग

५० हर्ट्झची घूंऽऽ गुणगुण बहुधा ग्राउंड लूपची असते. ॲम्पला तीन पिनी प्लगमधून एक अर्थिंग मिळतं. गच्चीवरून किंवा जिन्यातून आलेल्या केबल टीव्हीच्या वायरच्या जाळीतून दुसरं. दोन्हींत थोडा विद्युतदाबाचा फरक असतो आणि त्याचा प्रवाह एचडीएमआय किंवा कोॲक्सच्या जाळीवरून ॲम्पमध्ये फिरतो. बिट शाबूत असतात. बिघडतो तो ॲम्पचा ॲनालॉग भाग. जुन्या इमारतींत, जिथे वायरिंगला तीन वेळा जोडकाम झालंय, तिथे हे जास्त.

माग असा काढा. आधी सेट-टॉप बॉक्समधली गोल केबल काढा. गुणगुण गेली तर चोर सापडला. त्या वायरवर विजेचा संबंध तोडणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा. नाही गेली तर एकेक उपकरण सोडत जा. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणून पाहा. तरी राहिली तर टीव्ही ते ॲम्प ही वाट ऑप्टिकलने करा. अर्थची पिन कापणं किंवा टू-पिन ॲडॅप्टरने ती टाळणं हा उपाय नाही. गुणगुण जाईल, पण ॲम्पमध्ये गळती झाली तर पत्र्याच्या कॅबिनेटला २३० व्होल्ट येतील.

यूएसबी: लॅपटॉप ते डॅक

गाण्यांसाठी यूएसबी डॅक हा आजचा सर्वांत सरळ मार्ग. असिंक्रोनस प्रकारात घड्याळ डॅकचं असतं आणि लॅपटॉप त्याच्या मागणीप्रमाणे माल पुरवतो. यूएसबी ऑडिओच्या जुन्या वर्ग १ ची मर्यादा व्यवहारात २४ बिट ९६ किलोहर्ट्झ. पुढे वर्ग २ लागतो, आणि विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून त्यासाठी वेगळा ड्रायव्हर घालावा लागत नाही.

इथे आवाज बदलतो तो विंडोजच्या मिक्सरमध्ये. डिफॉल्ट फॉरमॅट ४८ किलोहर्ट्झ असेल तर ४४.१ ची प्रत्येक फाइल ४८ मध्ये बदलून जाते. रन बॉक्समध्ये साउंडचं जुनं कंट्रोल पॅनेल उघडा, डॅकच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर जा, फॉरमॅट २४ बिट ४४.१ करा आणि एक्स्क्लुझिव्ह मोडच्या दोन्ही चौकटींवर टिक करा. एन्हान्समेंट्स बंद. मग फूबार२००० सारख्या प्लेअरमध्ये त्याच डॅकचा एक्स्क्लुझिव्ह आउटपुट निवडा. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमधून दर हाताने बदलावा लागतो. अँड्रॉइड फोन सर्रास सगळं ४८ मध्ये बदलतो; अँड्रॉइड १४ पासून बिट जसेच्या तसे यूएसबीवर पाठवायची सोय आली, पण ॲपनेही ती वापरायला हवी.

४४.१ चं ४८ झालेलं ऐकू येतं का? आजचे रूपांतरक चांगले आहेत, सहसा नाही. तरीही फुकटात टळत असेल तर टाळावं.

चार्जर लावल्यावर चीं-चीं येते, बॅटरीवर थांबते, ही यूएसबीची नेहमीची तक्रार. लॅपटॉप आणि ॲम्प एका बोर्डवर आणा. डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल आणि लॅपटॉपला आउटपुट, तर ते वापरा. यूएसबी आयसोलेटर घेताना वेग बघा: स्वस्तातले १२ एमबीपीएसवर चालतात, म्हणजे ९६ किलोहर्ट्झच्या पुढे डॅक चालणार नाही किंवा ओळखलाच जाणार नाही.

ब्लूटूथ

यात आवाज दाबूनच जातो, आणि ऐकू येण्याजोगा फरक इथे खरोखर असतो. किती दाबतो ते कोडेकवर, म्हणजे दाबायच्या पद्धतीवर ठरतं: एसबीसी साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत, ॲपटीएक्स ३५२, ॲपटीएक्स एचडी ५७६, एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९०. आयफोन एएसीवर थांबतो, त्यामुळे आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जादा पैसे देऊ नयेत. अँड्रॉइडवर बिल्ड नंबर सात वेळा दाबून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि जोडलेल्या हेडफोनचा कोडेक तिथे तपासा. दादरच्या पुलावर संध्याकाळी शेकडो फोन एकाच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात बोलत असतात. ९९० वर ठेवलेला एलडॅक तिथे तुटतो. ६६० ठेवा.

दुसरा दोष उशीर, एसबीसीवर साधारण १५० ते २५० मिलिसेकंद. रियाजासाठी तबल्याचं ॲप ब्लूटूथ स्पीकरवर लावलं तर तो बाधत नाही, कारण गाणारा ऐकू येणाऱ्या ठेक्यालाच धरून गातो. पण सोसायटीच्या गणपतीत कराओकेचा माइक फोनमधून ब्लूटूथ स्पीकरवर घेतला की स्वतःचाच आवाज मागून येतो आणि भले भले बेताल होतात. तिथे वायरच हवी.

वायफायवरून ऐकायचं तर गूगल कास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्ट वापरा. मग स्पीकर गाणं थेट सर्व्हरवरून आणतो आणि फोन नुसता रिमोट राहतो.

बिट शाबूत पोहोचले का, याची चाचणी

डॅकवर दराचा आकडा किंवा रंगीत दिवा असेल तर ४४.१ ची आणि ९६ ची अशा दोन फाइल लावा. आकडा बदलला नाही तर वाटेत कुणीतरी रूपांतर करतंय.

त्याहून पक्की चाचणी डीटीएस ओळखणाऱ्या रिसीव्हरवर होते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्हमध्ये भरलेली डीटीएस फाइल घ्या. रिसीव्हरचा आवाज अगदी खाली आणा, हेडफोन कानाला लावू नका, कारण फसली तर पूर्ण ताकदीची खरखर येते. प्लेअर आणि विंडोज दोन्हींचा व्हॉल्यूम १०० ठेवून ऑप्टिकल, कोॲक्स किंवा एचडीएमआयमधून वाजवा. रिसीव्हरवर डीटीएसचा दिवा लागला आणि गाणं आलं, तर एकही बिट न बदलता पोहोचतोय. खरखर आली तर व्हॉल्यूम, इक्वलायझर, दराचं रूपांतर यांपैकी काहीतरी मध्ये आहे. एकेक बंद करत जा. मग प्लेअरचा व्हॉल्यूम एक पायरी खाली आणा: दिवा विझतो आणि खरखर सुरू होते. आता दीडशेची केबल काढून महागडी लावा आणि तीच फाइल पुन्हा वाजवा. दिवा दोन्हींवर लागत असेल तर महागडी परत करायला पावती जपून ठेवा.